सही वहीत, धूळ छातीत

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतायच्या कारखान्यात, चार वर्षं क्वालिटीला होतो. सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी सेफ्टीचं कामही माझ्याच गळ्यात घातलं. पुढच्या महिन्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. त्यांच्या फॉर्ममध्ये एक ओळ आहे : ‘श्वसन संरक्षण साधनांची व्यवस्था : समाधानकारक / असमाधानकारक’. मालक म्हणतात, दर महिन्याला प्रत्येकाला मास्क देतो, वहीत सगळ्यांच्या सह्या आहेत, पोरं घालत नाहीत त्याला मी काय करू? समाधानकारकवर टिक कर आणि मोकळा हो. फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या खात्यात, माझे सख्खे मामा अठरा वर्षं ग्राइंडर चालवतात. त्यांचा मास्क कायम हनुवटीखाली. हल्ली जिना चढताना ते दोनदा थांबतात. टिक कुठे करू? मला अरे-तुरेच करा.
– शि., कोल्हापूर

उत्तर

शि.,

टिकचं नंतर. आधी मामांचं.

अठरा वर्षं फेटलिंगला असलेला आणि जिन्यात दोनदा थांबणारा माणूस या आठवड्यात छातीच्या डॉक्टरकडे गेला पाहिजे. ऑडिट झाल्यावर बघू, असं नको. छातीचा एक्स-रे आणि फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, दोन्ही करून घे. आणि तू सोबत जा. कारण मामा डॉक्टरांना सांगणार ‘कंपनीत आहे’ आणि डॉक्टर लिहून घेणार ‘नोकरी’. तू सांगायचं, फाउंड्रीत आहेत, वाळूच्या साच्यातून निघालेल्या कास्टिंगवर अठरा वर्षं ग्राइंडर मारतात. हे वाक्य कानावर पडलं नाही, तर सिलिकोसिसच्या, म्हणजे वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसून होणाऱ्या आजाराच्या, सावल्या टीबीच्या समजल्या जाऊ शकतात आणि माणूस सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन पुन्हा त्याच ग्राइंडरपुढे उभा राहतो. दुसरी बाजूही आहे. सिलिका बसलेल्या फुप्फुसात टीबी लवकर शिरतो, म्हणून थुंकीही तपासा. मामांना सिलिकोसिसच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. दमा असेल, हृदयाचं असेल, बिडी असेल. पण तो निघालाच, तर कायद्याच्या लेखी तो व्यवसायातून झालेला आजार आहे. त्याची नोंद करावी लागते आणि त्याला भरपाई आहे. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड बरोबर ठेव.

आता तुझ्या मालकांचं. ते खोटं बोलत नाहीत. वही खरी, सह्या खऱ्या. फक्त ती वही सांगते काय? की मास्क स्टोअरमधून बाहेर पडला. तो कुठल्या धुळीसाठी होता, कुणाच्या चेहऱ्यावर बसला, किती मिनिटं राहिला, हे वहीला ठाऊक नाही.

मी हे मोठेपणाने सांगत नाही. पिंपरीकडच्या एका फाउंड्रीत सेफ्टीला असताना मीच पाचशे मास्क एका मापाचे मागवले होते. दर चांगला मिळाला म्हणून साहेबांची शाबासकीही घेतली. कोअर शॉपला, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे बनवायच्या खात्यात, बायका होत्या, त्यांचे चेहरे लहान. मास्क गालावरून उघडा राहायचा. एकीने सरळ सांगितलं, ‘साहेब, ह्यात वारा येतोय.’ मी म्हणालो, पट्टा ओढून घ्या. अजून ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. तिने दहा सेकंदांत फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर बसतो की गळतो याची चाचणी, करून दाखवली होती आणि मला कळलं नव्हतं.

तर तू काय कर. कुणाला न सांगता तिसऱ्या शिफ्टला जा. ऑडिट दिवसा होतं, फाउंड्री रात्रीही चालते. एक चांगली बॅटरी घे. ग्राइंडरच्या मागच्या बाजूने तिचा झोत असा सोड की तो धुळीतून तुझ्या दिशेने येईल. डोळ्यांवर झोत थेट येऊ देऊ नकोस, मध्ये काहीतरी आडोसा धर. सकाळी पत्र्याच्या फटीतून आलेल्या कवडशात जसे कण नाचताना दिसतात, तशी न दिसणारी धूळ दिसायला लागेल. ती कुठून उठते, कुणाच्या तोंडावरून जाते, सक्शनच्या पाइपकडे वळते की त्याला वळसा घालून पुढे जाते, हे पाहा. डोळ्यांना एरवी दिसते ती जाड धूळ बरीचशी नाकात-घशात अडकते. चार-पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली क्वार्ट्‌झची, म्हणजे वाळूतल्या सिलिकाची, धूळ थेट तळाशी, हवेच्या पिशव्यांपर्यंत उतरते आणि तिथून परत येत नाही. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धर, म्हणजे अंदाज येईल.

मग शिफ्ट सुटताना लॉकरपाशी थांब आणि चेहरे वाच. मास्क नीट बसला असेल तर त्याच्या आतली कातडी स्वच्छ असते आणि कडेने एक सलग रेघ असते. गळत असेल तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी डोळ्यांकडे जाणारे काळे ओघळ दिसतात. मास्क आतून बघ. नाकाच्या कोपऱ्यात काळा पट्टा असेल, तर मास्कची नाकावरची क्लिप कुणी कधी दाबलेलीच नाही. नाक शिंकरलेला रुमाल दाखवायला सांग. लाजतील, पण दाखवतील.

त्या रात्री आणखी एक बघ. मास्कवर काय छापलंय. आपल्याकडे धुळीच्या अशा मास्कला आयएस ९४७३ हे मानक आहे. आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, मोबाइल ॲपमध्ये टाकून खरा की खोटा पाहता येतो, आणि बाजारात ‘एन-९५’ छापलेलं काय काय मिळतं हे आपण सगळ्यांनी कोरोनात पाहिलंय. मानकात तीन वर्ग आहेत. एफएफपी-१ कमीत कमी ८० टक्के कण अडवतो, एफएफपी-२ ९४ टक्के आणि एफएफपी-३ त्याहून जास्त. फेटलिंगला एफएफपी-१ नको. त्यापुढे बहुधा ‘एनआर’ अशी दोन अक्षरं असतील. ती नीट वाच, कारण तुझ्या मालकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच छापलेलं आहे. एनआर म्हणजे पुन्हा वापरायचा नाही, एका शिफ्टपुरता. आणि आपण देतो महिन्याला एक. फेटलिंगला चाळीस माणसं आणि महिन्याला सव्वीस पाळ्या धरल्या, तर लागतात एक हजार चाळीस. वहीत सह्या चाळीस. राहिलेल्या हजार पाळ्या माणसं काय घालून काम करत होती, हे त्यांना विचारण्याआधी स्वतःला विचारावं.

मामा हनुवटीखाली घालतात, त्याचं कारणही बरंचसं हेच. पाचव्या दिवशी तो मास्क घामाने ओला, धुळीने बुजलेला असतो. त्यातून श्वास ओढायचा म्हणजे ओल्या पोत्यातून ओढल्यासारखं. तुझ्याकडे पैसे नगावर असतील तर जो घालेल त्याचे नग कमी पडणार. वर भट्टीची धग. वर मावा, म्हणजे तंबाखू-सुपारी. आपल्या भागात मावा चघळणारा माणूस दर दहा मिनिटांनी थुंकायला मास्क खाली करतो, आणि खाली केलेला मास्क वर जाताना आतल्या बाजूला बोटांची धूळ घेऊन जातो. पोरं आळशी म्हणून घालत नाहीत, हे मला कुणी सांगू नये. जे घालवत नाही ते घालत नाहीत.

थोडं गणित करू, मालकांना आकडे कळतात. अमेरिकेच्या नियमांत अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला १० चा आकडा धरतात, म्हणजे नीट निवडलेला, चेहऱ्यावर बसवून तपासलेला मास्क पूर्ण वेळ घातला तर आत बाहेरच्या धुळीचा दहावा हिस्सा जातो. शिफ्ट ४८० मिनिटांची. त्यातली ४८ मिनिटं, फक्त दहावा भाग, मास्क खाली राहिला. त्या ४८ मिनिटांत पूर्ण धूळ आत आणि बाकीच्या वेळात दहावा हिस्सा. बेरीज केलीस तर दिवसभराची धूळ ०.१९ होते, ०.१० नव्हे. म्हणजे दहापट संरक्षण जेमतेम पाचपटीवर आलं. मावा आणि मोबाइल यांनीच निम्मं खाल्लं.

पण दहापट पुरेसं आहे का, हे कळायला मुळात धूळ मोजलेली हवी. तुझ्या पत्रात मोजणीचा शब्द नाही, आणि माझ्या मते तीच खरी उणीव आहे. कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरला सायक्लोन, म्हणजे जाड धूळ बाजूला काढणारं छोटं साधन, पूर्ण शिफ्ट हवा ओढायची आणि फिल्टर प्रयोगशाळेत पाठवून त्यात क्वार्ट्‌झ किती ते काढायचं. खात्याच्या आवारात कुठेतरी यंत्र ठेवून केलेली मोजणी नको, माणसाच्या नाकाजवळची हवी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात श्वासातून आत जाणाऱ्या धुळीची मर्यादा सूत्राने दिली होती. क्वार्ट्‌झच्या टक्क्यांत दोन मिळवायचे आणि त्याने दहाला भागायचं. समज, धुळीत २० टक्के क्वार्ट्‌झ निघालं. दहा भागिले बावीस, म्हणजे घनमीटरला ०.४५ मिलिग्रॅम. तुझ्या फेटलिंगला ३ निघाले तर मर्यादेच्या साडेसहापट, अर्ध्या चेहऱ्याचा चांगला मास्क कसाबसा निभावून नेईल. ६ निघाले तर तेरापट, आणि मग एफएफपी-२ कितीही नवाकोरा असो, भागत नाही. तिथे हवा पुरवणारं हेल्मेट लागतं, किंवा धूळच कमी करावी लागते. जाता जाता, २० टक्क्यांच्या त्या ०.४५ मध्ये निव्वळ क्वार्ट्‌झ ०.०९ येतं. अमेरिकेने २०१६ च्या नियमात आपली मर्यादा ०.०५ केली. म्हणजे आपल्या मर्यादेत बसलो, की सुखाने झोपावं असं नाही.

कोअर शॉप आणि भट्टीकडे दुसराच घोटाळा असतो. बाइंडरचा, अमाइनचा, म्हणजे वाळू घट्ट करायच्या रसायनांचा, वास येतो म्हणून बायका फेटलिंगचाच धुळीचा मास्क लावून बसतात. तो वायू अडवत नाही. तिथे त्या त्या रसायनाचा काट्रिज, म्हणजे मास्कला लावायचा वायू शोषणारा डबा, लागतो, आणि काट्रिज कधी भरला हे वासावर सोडायचं नसतं, बदलायची तारीख ठरवून त्यावर लिहायची असते. साच्यात धातू ओतताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड तर वासच देत नाही आणि साधा काट्रिज त्याला ओळखतही नाही. तिथे उपाय एकच, हवा खेळती ठेवणं आणि वायू मोजणारं यंत्र. ‘सगळ्यांना एकच मास्क’ असं स्टोअरमध्ये दिसलं, की समजावं निवड कामाकडे बघून झालेली नाही, दरपत्रकाकडे बघून झाली आहे.

फिट टेस्ट. हे आपल्याकडे क्वचित होतं आणि करायला अवघड मुळीच नाही. माणसाला मास्क लावायचा, डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा आणि आत कडू द्रावणाचा फवारा मारायचा. तो फवारा त्याला मास्कशिवाय कळतो ना, हे आधी पाहून घ्यायचं. मग त्याने खोल श्वास घ्यायचा, मान डावी-उजवी, वर-खाली, वाकायचं, मोठ्याने बोलायचं. कडू लागलं की मास्क गळतोय. खडूसारखे कोरडे पन्नास व्याख्यान-वर्ग एकीकडे आणि जिभेवरचा तो कडू थेंब एकीकडे. एकदा कडू लागलेला माणूस पुढे आपणहून क्लिप दाबतो. रोजची खातरजमा त्याहून सोपी. दोन्ही पट्टे लावायचे, एक कानांच्या वर, एक मानेवर. तो खालचा लोंबणारा पट्टा तुला रात्री दहापैकी सहा जणांकडे दिसेल. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात फुंकायचं, झडपेचा असेल तर जोरात श्वास ओढायचा, आणि कडेने हवा कुठे लागते ते बघायचं.

आणि दाढी. आता श्रावण आला की अर्धं खातं महिनाभर दाढी करत नाही. दोन दिवसांचे खुंट असले तरी कड बसत नाही, मग मास्क एफएफपी-३ असो की आणखी काही. काही जणांची दाढी धर्माची आहे. कुणालाही ‘दाढी काढ’ म्हणून आपण वाद घालायचा नाही. त्यांच्यासाठी पंख्याने गाळलेली हवा सोडणारं सैल टोपाचं हेल्मेट मिळतं. महाग आहे. दोन-चार घेऊन नॉकआऊट (साचा फोडून कास्टिंग काढतात ती जागा) आणि फेटलिंगच्या सर्वांत धुळकट जागांसाठी ठेवली, तर दाढीचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो आणि उकाड्यात तोंडावर हवा येते म्हणून माणसं ती मागून घेतात. मी हे पाहिलंय.

ठेकेदाराची माणसं मोजायला विसरू नकोस. बिहार-ओडिशाहून आलेली, सर्वांत धुळीच्या जागी उभी असलेली आणि वहीत नसलेली. त्यांच्या तोंडावर गमछा असतो. गमछ्याने घाम पुसला जातो, सिलिका नाही अडत. पाट्या मराठीत, टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या सूचना, मराठीत. त्यांना कळणाऱ्या भाषेत एक माणूस सांगणारा असू दे. आणि मास्कचे पैसे ठेकेदार त्यांच्या पगारातून कापत नाही ना, हे पगाराच्या चिठ्ठीवर बघ. सुरक्षेच्या वस्तूंसाठी कामगाराकडून पैसे घ्यायला कायद्यात जागा नाही.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगतो. १९३० च्या सुमारास अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा खणला गेला, जवळजवळ निव्वळ सिलिकाच्या खडकातून, कोरडं ड्रिलिंग करून. साहेब लोक पाहणीला मास्क लावून आत जायचे. खणणाऱ्या मजुरांना, ज्यांत बहुतेक काळे होते, मास्क नव्हते. शेकडो माणसं मेली, १९३६ मध्ये तिथल्या संसदेने चौकशी केली. तुझ्या गेटवर ऑडिटरला पिशवीतला कोरा मास्क देतात ना? त्याच दिवशी, त्याच वेळी, फेटलिंगच्या ग्राइंडरजवळच्या खिळ्याला काय लटकलंय त्याचा फोटो काढ.

आणि हे सगळं झालं तरी मास्क ही सगळ्यात शेवटची गोष्ट. तुझ्याकडे शिफ्ट संपताना हवेच्या पाइपने कपडे आणि मशीन झाडतात का? झाडतच असतील. सबंध दिवसात वाचवलेलं त्या पाच मिनिटांत आत जातं, कारण तेव्हा मास्क उतरलेला असतो. उद्यापासून हवा मारणं बंद, व्हॅक्यूम आणा. झाडू मारण्याआधी पाणी. सक्शनचं तोंड ग्राइंडरच्या जवळ, ठिणग्या जातात त्या दिशेला. डस्ट कलेक्टरच्या पिशव्या शेवटच्या कधी बदलल्या ते मेंटेनन्सला विचार आणि चेहरा बघ. कास्टिंग नीट शॉटब्लास्ट होऊन, म्हणजे बारीक छर्ऱ्यांच्या माऱ्याने साफ होऊन, आलं तर जळून चिकटलेली वाळू ग्राइंडरपर्यंत पोचतच नाही. यातलं निम्मं बिनपैशाचं आहे.

मालकांशी बोलताना कायदा आधी काढू नकोस. ‘सर, वहीत चाळीस, लागतात हजार’ एवढ्यापासून सुरुवात कर. त्यांना दुसरा मार्गही दाखव. अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क एकदाच घ्यायचा, प्रत्येकाचा वेगळा, नाव घातलेला, फिल्टर बदलायचे, शिफ्ट संपली की कोमट पाण्याने धुवायचा आणि झाकणाच्या डब्यात ठेवायचा. धुणं माणसावर सोडलं तर होत नाही. त्यासाठी एक माणूस आणि एक नळ द्यावा लागतो. वर्षाचा हिशेब मांडलास तर बहुतेक वेळा हेच स्वस्त पडतं. तरीही ऐकलं नाही, तर मग सांग की १९४८ च्या अधिनियमातही आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्याच्या संहितेतही फाउंड्री धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे. दरवर्षीची वैद्यकीय तपासणी ही मालकाची जबाबदारी आहे आणि आपला रिपोर्ट कामगाराला बघायला मिळाला पाहिजे. तुमच्याकडे कॅम्प होतो आणि ‘फिट’चा शिक्का मारलेला कागद फाइलला जातो, असंच असणार. मामांचे जुने एक्स-रे त्या फाइलमधून मागून घे, डॉक्टरांना तुलनेला सोन्यासारखे उपयोगी पडतील. आणि अगदीच भिंत लागली, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं दार आहे. तक्रार कुणी केली हे गुप्त ठेवणं इन्स्पेक्टरवर बंधनकारक आहे. पण लहान कारखान्यात अंदाज बांधायला कुणाला वेळ लागत नाही, हेही मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणून आधी घरातली वाट पूर्ण चालून बघ, आणि जे सांगशील ते मेलवर सांग.

आता टिक. ‘असमाधानकारक’वर कर. खाली जागा कमी असेल तर कागद जोड. त्यात विशेषणं नको, फक्त पाहिलेलं लिही. अमुक तारीख, तिसरी शिफ्ट, फेटलिंग. हजर इतके. मास्क नाका-तोंडावर इतके, दोन्ही पट्टे लावलेले इतके. मास्कचा प्रकार आणि छापील अक्षरं. धूळमोजणी झालेली नाही. फिट टेस्ट झालेली नाही. मग समोर तारखा : हवा मारणं बंद, या सोमवारपासून, एका शिफ्टला एक मास्क, पहिल्या तारखेपासून, धूळमोजणी, महिनाभरात, फिट टेस्ट आणि रबरी मास्क, तीन महिन्यांत. प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचं नाव, आणि एक नाव मालकांचं. माझा अनुभव असा, की गिऱ्हाइकाचा ऑडिटर गुळगुळीत फॉर्मपेक्षा अशा कागदावर जास्त विश्वास ठेवतो, कारण गुळगुळीत फॉर्म त्याने शंभर पाहिलेले असतात. मालक चिडले तर त्यांना हा कागद ऑडिटच्या आधी दाखव, नंतर नको. सही त्यांची घे, मग तुझी कर.

मामांना घेऊन कधी जातोयस ते कळव. सकाळची वेळ घे, उपाशीपोटी जायची गरज नाही. फुंकायच्या चाचणीआधी बिडी मात्र नको.

– काका